कॉलिनची चाचणी

ॲडलेडच्या सर्व्हर कंपनीचं पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आलं. तीस जूननंतर जुनी सॉफ्टवेअरं आमच्याकडे चालणार नाहीत, तोवर आपापली सोय करा, एवढंच त्यात होतं. नेरिडाने ते दोनदा वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. समोरच्या बेकरीचं शटर अर्धं खाली आलं होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

वेकरी गावात आणि मरे नदीच्या काठाने पसरलेल्या आसपासच्या वस्त्यांमध्ये तिच्या आणि कॉलिनच्या मिळून एकतीस वेबसाइट होत्या. हिरवळीवर चेंडू घरंगळवत खेळायच्या बोल्सचा क्लब, नेटबॉल क्लब, कॅरव्हॅन पार्क, दोन चर्चं, संत्र्यांची पेटीबंद विक्री करणारी तीन कुटुंबं, एक पशुवैद्य. सगळी छोटी माणसं, छोटी कामं. आणि या एकतीसच्या एकतीस वेबसाइट चालत होत्या कॉलिनने स्वतः लिहिलेल्या सिस्टिमवर.

कॉलिन शिर्मर पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होता. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा त्याने गॅरेजमध्ये बसून वेबसाइट करायला सुरुवात केली. क्लबच्या सेक्रेटरीला आपल्या पानावरचा मजकूर स्वतः बदलता यावा म्हणून त्याने २००४ साली ही सिस्टिम बनवली आणि तिला नाव दिलं 'गलाह'. गलाह म्हणजे तारांवर थव्याने बसणारा गुलाबी काकाकुवा, आणि तिकडच्या बोलण्यात मूर्ख माणूससुद्धा. "आपण सांगू तेवढंच बोलतो आणि अधूनमधून मूर्खासारखं वागतो," असं तो गिऱ्हाइकांना नावाचं कारण सांगायचा. नेरिडा त्याच्याकडे चोविसाव्या वर्षी हाताखाली काम करायला आली. आता ती सेहेचाळीसची होती आणि धंद्यात निम्मी भागीदार.

गलाह बदलायला हवं, हे तिने कॉलिनला दहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं, भांडली होती. "जगात शंभर तयार सिस्टिम आहेत. हजारो माणसं त्या सांभाळतात. आपली सांभाळतोस तू एकटा. ही सिस्टिम नाही, कॉलिन, हा तुझा ताठा आहे." त्यानंतर तीन आठवडे दोघं कामापुरतं बोलत होते. मग विषय मिटला, म्हणजे कोणी काढला नाही.

आता तो काढायला हवा होता, आणि नेमक्या आताच तिला तो काढवत नव्हता.

कारण नोव्हेंबरात कॉलिन गाडी घेऊन फेरीबोटीवर चढला, नदी ओलांडून पलीकडे उतरला, वळला आणि पुन्हा बोटीवर चढला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी बोटवाल्याने त्याच्या बायकोला, ग्लेनिसला फोन केला. डिसेंबरमध्ये ॲडलेडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. कॉलिनला त्रेसष्टावं चालू होतं. स्मृती जायला लागली होती, आणि वेगाने जाणार होती.

तरीही तो मंगळवार आणि गुरुवारी ऑफिसात यायचा. ग्लेनिस सोडायची, न्यायची. नेरिडाने त्याला पत्र दाखवलं नाही. त्याने ते स्वतःच टेबलावर पाहिलं.

"मग? पक्ष्याला पुरायची वेळ आली म्हणायची," तो म्हणाला.

"तू दोन आठवडे बसलास तर नव्या सर्व्हरवर चालेल असं करता येईल," ती म्हणाली. हे खोटं आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"नेरिडा," तो म्हणाला, "काल मी मोजे शोधत होतो. अर्धा तास. पायात होते."

तिला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाजही वाटली. तो मात्र मोठ्याने हसत होता.

तिने पुढचे आठ दिवस तुलनेचा तक्ता बनवला. तीन सिस्टिम शेवटपर्यंत टिकल्या. पहिली अर्धं जग वापरतं ती. हवं ते जोडता येतं, पण दर आठवड्याला काहीतरी अद्ययावत करत बसावं लागतं, नाहीतर चोर शिरतात. दुसरी महिन्याच्या भाड्याने मिळणारी. सगळं बोटाने ओढून हवं तिथे ठेवायचं, सांभाळायची कटकट नाही, मात्र घर त्यांचं आणि आपण भाडेकरू. तिसरी अगदी साधी, कमी लोकांना माहीत असलेली. पानं साध्या फायलींमध्ये ठेवायची आणि लिहिणाऱ्यासमोर मोजकी बटणं. तक्त्यात चाळीस ओळी होत्या. वेग, सुरक्षा, खर्च, भाषा, छायाचित्रं, बॅकअप. नेरिडाचं मन पहिलीकडे झुकलं होतं. उद्या आपण नसलो तरी ती येणारी माणसं कुठेही मिळतील, हा तिचा हिशोब.

कॉलिनने तक्ता वाचला. बराच वेळ वाचला. मग विचारलं, "यात थेल्मा कुठे आहे?"

"थेल्मा?"

"थेल्मा निट्श्की. बोल्स क्लबची सेक्रेटरी. वय अठ्ठ्याहत्तर. शनिवारी सकाळी उठते, बघते तर ऊन चाळीसच्या वर. सामने रद्द करायचे. तू मुलीकडे ॲडलेडला गेलीयस, मी..." तो थांबला. "मी जिथे असेन तिथे. थेल्मा एकटी बसलीय कॉम्प्युटरसमोर. तिचं काय होणार, ते कुठल्या ओळीत आहे?"

नेरिडाने ओळींवरून बोट फिरवलं. "वापरायला सोपी" अशी एक ओळ होती. तिन्हींसमोर तिने स्वतःच 'चांगली' लिहून टाकलं होतं.

"चाचणी मी देतो," कॉलिन म्हणाला. "मंगळवारी मला शिकव, पुढच्या मंगळवारी परीक्षा घे. अख्ख्या नदीकाठी माझ्यासारखा परीक्षार्थी मिळायचा नाही तुला. शिकवलेलं सगळं गुरुवारपर्यंत साफ विसरणार, हमखास!"

"गप बस. हे काय बोलणं झालं?"

"का? थेल्मा महिन्यातून एकदा वेबसाइट उघडते. तिला तरी कुठे आठवत असतं? तिच्या बाजूने बघू शकेल असा माणूस आपल्याकडे कधी नव्हता. आता आहे. फुकट घालवू नकोस."

नेरिडाने साफ नकार दिला. संध्याकाळी ग्लेनिस न्यायला आली तेव्हा तिने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की हे असलं मला जमणार नाही, त्याला माझ्यासमोर चुकताना बघायचं म्हणजे. ग्लेनिस गाडीची किल्ली हातात फिरवत ऐकत होती. ती शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, उगाच समजूत घालणारी बाई नव्हे.

"घरी तो दिवसभर चुकतो," ती म्हणाली. "चमच्यात चुकतो, दारात चुकतो. त्याचा काही उपयोग नसतो गं. इथल्या चुकण्याचा होणार असेल तर होऊ दे."

म्हणून चाचण्या सुरू झाल्या. काम प्रत्येक वेळी एकच. मंगळवारी सकाळी दहा वाजता बोल्स क्लबच्या नमुना पानावर सूचना लावायची: 'शनिवारचे सामने उन्हामुळे रद्द.' सोबत हिरवळीचा एक फोटो. नेरिडाने शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही, ही कॉलिनची अट.

पहिल्या सिस्टिमने त्याला घाबरवलं. डाव्या बाजूला काळा पट्टा, त्यात वीसेक नावं, आणि एका नावाशेजारी लाल गोलात सात आकडा. कॉलिनची नजर त्या लाल गोलावरून हलेना.

"हे मला काहीतरी विचारतंय," तो पुटपुटला. "सात गोष्टी. मी काही केलं का?"

नेरिडाने ओठ घट्ट मिटले. चाळीस मिनिटांनी त्याने माऊस सोडला. शर्टाची पाठ घामाने भिजली होती, आणि एसी तर चालू होता. नेरिडाने पहिल्या नावावर काट मारली. तिची आवडती सिस्टिम होती ती.

दुसऱ्या सिस्टिमशी सुरुवातीला त्याचं छान जमलं. सगळं ओढता येत होतं म्हणून तो पोरासारखा ओढत बसला. मग क्लबचं नावच पानाच्या तळाशी गेलं, फोटो त्याच्यावर चढला, आणि ते पूर्ववत कसं करायचं ते त्याला कळेना. त्याचा चेहरा पडला. "थेल्मा रडेल," एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "मीसुद्धा रडलो असतो, तू नसतीस तर."

तिसरी उघडली तो मार्चचा दुसरा मंगळवार होता. पांढरं पान, वर सहा बटणं, पहिल्यावरच लिहिलेलं: 'नवी सूचना'. कॉलिनने ते दोनदा वाचलं आणि दाबलं. एकेक अक्षर शोधत सूचना लिहिली. फोटोसाठी थांबला, इकडेतिकडे पाहिलं, 'फोटो' असं लिहिलेलं बटण सापडलं. अकरा मिनिटं लागली. पानावर सूचना आली तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले आणि खुर्चीसकट गोल फिरला.

नेरिडा धावत जाऊन बेकरीतून क्रीम भरलेले दोन किचनर बन घेऊन आली. कॉलिनच्या मिशीला क्रीम लागलं. दोघं कितीतरी महिन्यांनी असे निवांत बसले होते.

"पण ही बनवणारी माणसं मोजून पाच-सहा," ती म्हणाली. "त्यांनी उद्या सोडून दिली तर?"

"पानं साध्या फायलीत आहेत ना? मग कोणीही उघडेल. पक्षी मेला तरी अंडी राहतील." मग बोटं चाटत तो म्हणाला, "आता माझीसुद्धा घे."

"काय तुझी?"

"परीक्षा. गलाहची. न्याय सगळ्यांना सारखा."

तिने नको म्हणायला हवं होतं. पुढे अनेकदा तिने स्वतःला तेच सांगितलं. पण त्या क्षणी तो इतका खुशीत होता की तिला वाटलं, घरच्या मैदानावर एक डाव खेळू दे त्याला.

पासवर्ड त्याच्या बोटांनी आपणहून टाइप केला. पडदा उघडला. फिकट गुलाबी पट्टी, तिच्याखाली दोन रकाने, लहान लहान चौकोन, प्रत्येकावर दोन-तीन अक्षरांच्या खुणा. त्या खुणा त्याने स्वतः ठरवलेल्या. नेरिडाला त्या इतक्या पाठ होत्या की त्यांचा अर्थ वेगळा लावावा लागतो हे ती कधीच विसरली होती.

कॉलिन पडद्याकडे पाहत राहिला. एका चौकोनावर बाण नेला, परत आणला. दुसऱ्यावर नेला. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"कोणी केलंय हे?" त्याने विचारलं.

नेरिडाने त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या त्या सुरकुत्या शोधल्या. नव्हत्या. तो खरंच विचारत होता.

"इथलाच एक जण आहे," ती कसंबसं म्हणाली.

"हुशार आहे." त्याने मान हलवली. "बारकावे बघ किती पकडलेत. पण त्याला वाटलं, आपण नेहमी शेजारी बसलेलो असणार. कोणी अडलं की विचारेल आपल्याला." मग तो तिच्याकडे वळून अगदी सहज म्हणाला, "त्याला सांग, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणावं. सगळ्यांनाच तसं वाटतं."

नेरिडा उठून आत गेली आणि सिंकचा नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तो उरलेला बन खात होता.

तिसरी सिस्टिम घेतली. एप्रिल आणि मे असे दोन महिने नेरिडा एकेक वेबसाइट उचलून नव्या घरी नेत होती. त्यासाठी तिला गलाहचा सगळा कोड प्रथमच ओळ न् ओळ वाचावा लागला, आणि त्यात कॉलिनच्या नोंदी सापडत गेल्या. 'बोल्स क्लबचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, जानेवारी करू नये, थेल्मा चिडते.' 'चर्चचे पास्टर वाक्यानंतर दोन मोकळ्या जागा सोडतात. त्या पुसू नयेत, त्यांना आवडतात.' आणि २०१५च्या एका नोंदीत, त्या भांडणानंतरच्या आठवड्यातल्या: 'ने. म्हणते ते बरोबर आहे. पण आता एवढ्या लोकांना नवीन शिकवायचं माझ्याने होणार नाही.'

हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. आता विचारण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी तिने आणखी काही काम केलं नाही.

थेल्मा शिकायला आली ती कुरकुरतच. "हे बघ नेरिडा, माझ्या डोक्यात आता जागा उरलीय ती नातवंडांच्या वाढदिवसांपुरती. नवीन काही कोंबू नकोस." पण पहिल्याच दमात, कोणालाही न विचारता, तिने सूचना लावून दाखवली. चष्मा काढून ती पडद्याकडे बघत राहिली.

"एवढंच? मग इतकी वर्षं कॉलिनला फोन का करत होते मी?"

नेरिडा हसली. थेल्मा हसली नाही.

"दर शुक्रवारी करायचे," ती म्हणाली. "दोन मिनिटं कामाचं, बाकी गप्पा. माझा हॅरॉल्ड गेला तेव्हा तर मी मुद्दाम बिघडवून ठेवायचे काहीतरी. त्याला कळत असणार. पण बोलला नाही कधी."

पुढच्या आठवड्यात कॉलिनला सोडायला आलेली ग्लेनिस दारातच थांबली. "एक विचारू? लोकांचे फोन एकदम बंद कसे झाले? त्याची तब्येत कळली म्हणून टाळतायत का?"

"नाही गं," नेरिडा म्हणाली. "लोकांचं अडत नाही आता. नवी सिस्टिम चांगली आहे."

बोलून गेल्यावर तिला ते वाक्य स्वतःच्याच कानांना कसंतरी लागलं. ग्लेनिसने नुसती मान डोलावली. "तो फोनजवळ बसून असतो, एवढंच," म्हणाली आणि गेली.

नेरिडाने दुपारीच थेल्माला गाठलं आणि काय झालं ते सांगितलं. त्या शुक्रवारपासून थेल्माने पुन्हा फोन करायला सुरुवात केली. सूचना लावता येत नाही, अशी थाप मारायची, आणि कॉलिन तिला गुलाबी पट्टीखालच्या चौकोनांची वाट दाखवायचा. ते चौकोन थेल्माच्या पडद्यावर आता नव्हतेच. थेल्मा "हं, दाबलं", "हं, आलं" म्हणत राहायची आणि मग हवापाण्यावर यायची. पडद्यासमोर ज्या खुणा त्याला परक्या वाटल्या होत्या, त्या फोनवर मात्र कुठूनशा जिभेवर यायच्या. ग्लेनिस सांगायची, फोन ठेवल्यावर तासभर तो जुना कॉलिन असतो.

असे सात शुक्रवार झाले. आठव्या शुक्रवारी त्याने फोन कानाला लावला, थेल्माचा आवाज ऐकला आणि रिसीव्हर काळजीपूर्वक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून बागेत निघून गेला. थेल्मा पलीकडून हाका मारत राहिली.

मेअखेरीस नेरिडाने एकदा, कोणाला न सांगता, सहा बटणांचं पान त्याच्यासमोर उघडलं होतं. त्याने माऊस हातात घेतला, उलटा करून खालचा लाल दिवा पाहिला आणि तिला परत दिला. तिने पान बंद केलं. त्या गोष्टीची नोंद तक्त्यात करावी असं काही नव्हतं.

जुना सर्व्हर तिने मुदतीच्या तीन दिवस आधी बंद केला. कॉलिनला बोलवावं की नाही, हे ती आठवडाभर मनात घोळवत होती. शेवटी ग्लेनिसनेच सांगितलं, राहू दे. मग तिने एकटीनेच केलं. कंपनीच्या पानावर एक चौकोन होता, 'मला खात्री आहे' असं लिहिलेला. त्यात खूण करायची होती. तिने चहा केला, तो निवू दिला, आणि मग खूण केली. त्याआधी गलाहचा सगळा कोड मात्र तिने कागदावर छापून घेतला. सहाशे दहा पानं. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. ग्लेनिसला नेऊन दिला तेव्हा तिने तो गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला आणि वजन केल्यासारखा थोडा वर-खाली केला. "एवढा होता होय," म्हणाली.

ऑगस्टात कॉलिनला नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या केअर होममध्ये ठेवावं लागलं. तो दोनदा आंघोळीच्या गाऊनवर नदीपर्यंत गेला होता आणि ग्लेनिसला रात्रंदिवस डोळ्यात तेल घालून बसणं झेपेना. नेरिडा दर मंगळवारी दहा वाजता तिथे जाऊ लागली. वेळ दुसरी कुठली घ्यावी हे तिला सुचलंच नाही.

एका मंगळवारी तो खिडकीपाशी उन्हात बसला होता. तिने आणलेलं मँडरिन संत्रं त्याने सोललं, अर्धं तिला दिलं. पांढरे धागे काढून, फोडी मोकळ्या करून.

"तू इथे कामाला आहेस का?" त्याने विचारलं.

"नाही. मी वेबसाइट करते. छोट्या छोट्या."

"त्यात पोट भरतं?"

"भरतं बऱ्यापैकी."

"छोट्याच कर," तो म्हणाला. "मोठ्यांना कोणीही भेटतं." मग जरा वेळ त्याने फोड चघळली. "कोणी शिकवलं तुला?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आपण नाव घेतलं तर काय होईल, तो घाबरेल की आणखी काही विचारेल, हे तिने एक क्षण तोलून पाहिलं.

"तू," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, पण सभ्यपणे काहीतरी बोलायला हवं असं वाटलेल्या माणसाचा संकोच होता.

"मग बरं शिकवलं असेल अशी आशा आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "खूप चांगलं शिकवलंस."

तो समाधानाने खिडकीबाहेर बघू लागला. मदतनीस बाई जेवणाची गाडी घेऊन आली, त्याच्या गळ्याशी रुमाल बांधू लागली. नेरिडाने सालं गोळा केली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाली.

गाडीत बसल्यावर तिने फोन पाहिला. नेटबॉल क्लबची नवी सेक्रेटरी लिहीत होती, की फोटो कसा लावायचा ते सापडलं, आता उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. नेरिडाने तरीही तिला फोन लावला. नमस्कार-चमत्कार झाले, आणि मग काय बोलावं ते तिला कळेना, म्हणून तिने विचारलं, "बाकी सगळं कसं चाललंय तुमच्याकडे?"